मदत हवी आहे : व्हिडिओ कॅमेऱ्यासोबत कंडेन्सर मायक्रोफोनला ४८ व्होल्ट कसे पुरवावेत?

नमस्कार.

धाराशिव आणि अंबाजोगाई परिसरात लग्नकार्यानंतर घातला जाणारा तुळजाभवानीचा गोंधळ चित्रित करून जपून ठेवावा, या हेतूने आम्ही काही जण काम करीत आहोत. संबळ आणि तुणतुण्याच्या नादातूनही मुख्य गोंधळ्याचा शब्द न शब्द स्पष्ट ऐकू यायला हवा, कारण ही कवने बहुतांशी मुखोद्गतच चालत आली आहेत. त्यासाठी एक्सएलआर (तीन पिनांच्या) जोडणीचा शॉटगन, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा, कंडेन्सर माइक घेतला आहे. प्रश्न आहे तो त्याला वीज पुरवण्याचा.

माइकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे आवाजाच्या केबलमधूनच दिली जाणारी वीज, लागते. आमच्या कॅमेऱ्याला मात्र ३.५ मिमीचे माइक इनपुट आहे आणि त्यातून मिळणारी प्लग-इन पॉवर जेमतेम काही व्होल्टची असते. ती कॉलर माइकला पुरते, याला नाही. दुकानदार एक्सएलआर ते ३.५ मिमी अशी केबल पुढे करतात, पण नुसत्या केबलने व्होल्टेज कसे वाढेल?

पेन्सिल सेलवर चालणारा माइक घ्यावा, असेही एकाने सुचवले. परंतु कमी व्होल्टेजवर मोठा आवाज लवकर फाटतो असे वाचले असल्याने, हातभर अंतरावर कडाडणाऱ्या संबळापुढे तो टिकेल याची मला खात्री वाटत नाही.

त्यामुळे बॅटरीवर चालणारा स्वतंत्र फँटम पॉवर सप्लाय घेण्याकडे माझा कल आहे. गोंधळ रात्रभर चालतो आणि गावात विजेचा भरवसा धरता येत नाही. खरी शंका पुढच्या जोडणीची आहे. सप्लायमधून येणारा सिग्नल बॅलन्स्ड असतो, म्हणजे एकच आवाज पिन २ वर सुलट आणि पिन ३ वर उलट येतो; पिन १ ग्राउंडची. पिन २ डाव्या आणि पिन ३ उजव्या चॅनेलला जोडली, तर दोन्ही बाजू एकमेकींच्या उलट्या होतात आणि एकाच स्पीकरच्या मोबाइलवर ऐकताना आवाज जवळपास नाहीसा होतो. मग पिन २ दोन्ही चॅनेलना देऊन पिन ३ ही पिन १ सोबत ग्राउंड करावी, की मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला अडॅप्टरच वापरावा? पिन ३ ग्राउंड केल्याने माइकच्या आउटपुटला काही धोका पोहोचतो का?

शिवाय कॅमेऱ्याची प्लग-इन पॉवर मेन्यूमधून बंद करता येत नाही. ती उलट सप्लायकडे जाऊ नये म्हणून मध्ये कपॅसिटर घालणे आवश्यक आहे का, आणि असल्यास किती मायक्रोफॅरडचा?

की हे सारे सोडून फँटम देणारा हातातला रेकॉर्डर घ्यावा, त्यावर आवाज वेगळा मुद्रित करावा आणि संकलनाच्या वेळी टाळीच्या खुणेवरून तो चित्राशी जुळवावा? रात्रभराच्या मुद्रणात दोन यंत्रांच्या घड्याळांतील फरकामुळे आवाज आणि ओठ यांचा मेळ सुटत जाईल, ही त्यातली भीती आहे. अशी मुद्रणे प्रत्यक्ष केलेल्यांनी यांपैकी कोणता मार्ग धरला, ते कृपया कळवावे.