रेझिलियन्सला मराठीत काय म्हणावं?

परभणीकर: बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला हाय, प्रकल्पाचं नाव मराठीत द्यायचंय. 'छात्राध्यापकांची भावनिक बुद्धिमत्ता आणि...' इथंच गाडी अडकली, पुढं रेझिलियन्स, म्हणजे धक्का बसला तरी सावरून परत उभं राहणं, याला शब्द सापडंना. मॅडम म्हणतेत लवचिकता लिहा, पण लवचिकता म्हणलं की मला योगासनंच दिसतेत. दुसरा शब्द हाय का?

गणितवाला: मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ उसळून मागं येणं. त्या हिशोबानं स्थितिस्थापकता, पण तो रबराचा शब्द, माणूस काय होता तसाच परत होत नसतो.

औंढेकर: चिवटपणा?

गणितवाला: चिवट तर उधारी मागणारा पण असतो की वो. तग धरणं बरंय, पण त्यात नुसतं टिकून राहणं आलं.

जुनी बाई: आमच्याकडं एक शब्द हाय, वापसा. काळ्या रानात मोठा पाऊस झाला की लगेच औत घालत नाहीत, ढेकळं उठतेत, आन् लै उशीर केला तर जमीन आवळून भेगा पडतेत, मधी जी बरोबर ओल असती तो वापसा. आमच्या शाळेत आंतरवासितेला, म्हणजे शिकवायच्या सरावाला, एक बी.एड.ची पोरगी होती, सहावीला अपूर्णांक शिकवायली, फळ्यावर छेद चुकला, एक पोरगं मोठ्यानं बोललं न् अख्खा वर्ग हसला. निरीक्षक सरांनी टाचण वहीत लाल पेनानं 'आशयज्ञान कच्चे' लिहिलं. पोरगी हापशाजवळ बसून रडायली, डबा तसाच. सर तिथंच समजवायला निघाले तर मी म्हणलं, थांबा, वापसा येऊ द्या. तिसऱ्या दिवशी तीच म्हणली, सर तोच पाठ परत घेऊ का? आन् फळ्यावर त्याच पोराला बोलावलं.

औंढेकर: भारी! पण वापसा आपोआप येतो, रेझिलियन्स तर शिकवता येतं म्हणतेत.

जुनी बाई: आपोआप कुठं, पाणी साचत असलं तर चर काढावा लागतो. तिच्यासंग जेवायला बसणारी मैत्रीण होती, तोच चर.

गणितवाला: जाता जाता, भावनिक बुद्धिगुणांक लिहू नका, गुणांक म्हणजे मोजलेला आकडा. सालोव्ही आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या लेखात मांडली ती क्षमता, स्वतःच्या न् दुसऱ्याच्या भावना ओळखून त्याप्रमाणं वागायची. तिला बुद्धिमत्ताच म्हणा.

परभणीकर: मॅडमला वापसा दाखवला. हसल्या, म्हणल्या शब्द झकास हाय, पण कंसात लवचिकता टाक.