हर्नियाच्या ऑपरेशनआधी कळलं की महाधमनी झडपेच्या वर अरुंद आहे. आता आधी काय करायचं?

चिऊची_आई, जयसिंगपूर

माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. जांघेत हर्निया आहे, जोरात रडली की लिंबाएवढी गाठ वर येते. गेल्या गुरुवारी ऑपरेशन ठरलं होतं. भूल देणाऱ्या मॅडमनी आदल्या दिवशी छातीला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "उद्या नको, आधी एको (हृदयाची सोनोग्राफी) करा." एकोत निघालं, सुप्राव्हॅल्व्ह्युलर एओर्टिक स्टेनोसिस, ग्रेडियंट (म्हणजे अरुंद जागेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक) ५६. जन्मापासूनच आहे म्हणे.

घरच्यांचं म्हणणं, पोरगी दिवसभर उड्या मारते, हर्निया म्हणजे अर्ध्या तासाचं काम, दुसऱ्या डॉक्टरांकडे उरकून टाकू. मला धीर होत नाही. सातव्या महिन्यात मला कावीळ झाली होती, त्यानं झालं असेल का? रात्री झोप लागत नाही. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

ओमची_आई, ठाणे

ताई, माझा ओम अकरा वर्षांचा आहे, त्यालाही हेच. पाचव्या वर्षी ऑपरेशन झालं. सगळ्यात आधी, हर्निया कुठेही उरकून टाकू नका. हात जोडून सांगते.

झडपेच्या जरा वर महाधमनी डमरूच्या कमरेसारखी आवळलेली असते. हृदयाच्या स्नायूंना रक्त देणाऱ्या धमन्या त्या आवळलेल्या जागेच्या खालून निघतात. जन्मापासून जास्त दाब सोसून त्या जाड होतात, कधी त्यांची तोंडंही अरुंद होतात. भुलीत रक्तदाब उतरला की हृदयालाच रक्त कमी पडतं. खेळतं-हसतं मूल टेबलावर अचानक बिघडू शकतं ते यामुळे. आमच्याकडे ओम दोन वर्षांचा असताना दातांसाठी भूल दिली. आजार माहीतच नव्हता. नाडी एकदम उतरली, आम्हाला बाहेर काढलं. दार उघडेपर्यंत मी त्याची एक चप्पल हातात धरून उभी होते. तुमच्या त्या मॅडमनी लेक वाचवली असं समजा.

कावीळ डोक्यातून काढा. यात इलास्टिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात दोष असतो. धमनीला रबरासारखी ताणू देणारं हे प्रथिन, त्याचं जनुक सातव्या गुणसूत्रावर. कधी तेवढंच बिघडलेलं असतं आणि ते घराण्यात चालत येऊ शकतं. कधी गुणसूत्राचा छोटा तुकडाच नसतो, त्याला विल्यम्स सिंड्रोम म्हणतात (न्यूझीलंडच्या डॉ. विल्यम्स यांनी १९६१मध्ये त्याचं वर्णन केलं). म्हणून विचारते, चिऊ अनोळखी माणसाच्याही गळ्यात पडते का? मिक्सरला घाबरते का? ओम मिक्सर लावला की कान दाबून बाथरूममध्ये पळायचा, आणि खाली भजनात मृदंग वाजला की पहिल्या रांगेत जाऊन बसायचा. असं काही असेल तर फिश किंवा मायक्रोअ‍ॅरे या रक्तातल्या जनुकीय तपासणीचं विचारा. रक्तातलं कॅल्शियमही बघतात, काही मुलांचं वाढलेलं असतं. तोपर्यंत डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्हिटॅमिन डीचे थेंब देऊ नका.

फुग्यानं रुंद करता येईल का, हे मीही विचारलं होतं. धमनीची भिंतच जाड असते, त्यामुळे फुगा सहसा उपयोगी पडत नाही. ओमला हृदय-फुप्फुस यंत्रावर घेऊन उलट्या वाय आकाराचं ठिगळ लावलं. कधी करायचं ते ग्रेडियंट, त्रास आणि हृदयाच्या भिंतीची जाडी बघून ठरतं.

एक मात्र लक्षात ठेवा. गाठ आत जाईना, कडक-लाल झाली, उलट्या लागल्या, तर वाट बघू नका. एकोचा रिपोर्ट घेऊन थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि दारातच हृदयाचं सांगा.

एको_रूममधून, नागपूर

मी एको करतो, डॉक्टर नाही. वरच्या ताईंनी बरोबर लिहिलंय. थोडी भर घालतो.

दोन्ही हातांचं बीपी मोजायला सांगा. यात रक्ताची धार उजव्या भिंतीला धरून वर जाते, त्यामुळे उजव्या हाताचा आकडा पुष्कळदा जास्त येतो. नेहमी एकाच हाताचं मोजलं तर फसगत होते. सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) सांगितला आणि त्यासाठी झोपवायचं ठरलं, तर तीही भूलच. मुलांच्या हृदयाची भूल देणारे जिथे आहेत तिथेच करा. आणि त्या दिवशी उगाच जास्त वेळ उपाशी ठेवू नका. पाणी कधीपर्यंत द्यायचं, सलाईन लावायचं का, हे आधीच विचारून घ्या.

हे घराण्यात चालत येऊ शकतं, म्हणून तुम्हा आई-बाबांचाही एको करून घ्या. खर्चाचं म्हणाल तर जिल्ह्याच्या डीईआयसीमध्ये (लहान मुलांचे आजार लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) जा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून हृदयाच्या मुलांना पुढे पाठवतात.

चिऊची_आई

ओमच्या ताई, मिक्सरचं वाचून अंगावर काटा आला. मी चटणी वाटायची ती चिऊला अंगणात पाठवून. आम्हाला वाटायचं, लाडावलीय.

आज तुमचा प्रतिसाद सासऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, उठून एकोची फाईल पिशवीत घातली. सोमवारी आधी डीईआयसीत जातोय. ह्यांच्या लहानपणी छातीत आवाज येतो असं कुणी डॉक्टर म्हणाले होते, ते सासूबाईंना आज आठवलं. ह्यांचाही एको करून घेतो.

ताई, ऑपरेशननंतर ओमला किती दिवस उचलून घेता येत नव्हतं? हिला कडेवरच झोपायची सवय आहे.

ओमची_आई

काखेत धरून उचलायचं नाही, छातीच्या हाडाला ताण बसतो. आम्हाला सहा आठवडे सांगितलं होतं. एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली, असं उचलायचं. मी ओमच्या शेजारी आडवी व्हायचे आणि त्याचं डोकं दंडावर घ्यायचे. दोन रात्री रडला, मग झोपायला लागला.