मदत हवी आहे: इम्प्लांटवाल्या खेळाडूला आवरायचं कसं? (रविवारच्या आत)

रेडिओ_चोर्ला: रविवारी वडगावात आमच्या माडीवर रोलप्लेइंग गेमचा (टेबलाभोवती बसून पात्रं घेऊन खेळायचा) पुढचा डाव आहे, त्याआधी उत्तर हवं. एकानं आपल्या पात्राच्या अंगात इतके इम्प्लांट, म्हणजे यंत्राचे भाग, बसवलेत की एका फेरीत तीनदा खेळतो. बाकीचे मोबाइल बघत बसतात. मर्यादा घालायला सोपा घरगुती नियम सांगा. त्याच्याशी बोलून बघ असं सांगू नका, बोलून झालंय.

निपाणीकर: गेम कुठला? आवृत्ती?

रेडिओ_चोर्ला: सायबरपंकच की. त्यात काय विचारायचं.

निपाणीकर: २०२० का रेड? रेड असेल तर नियम आयताच आहे. पात्राची एम्पथी (सहानुभूतीचा आकडा) गुणिले दहा म्हणजे ह्युमॅनिटी, माणुसकीचा साठा. एम्पथी ६, तर ६०. सायबरआर्मला (यांत्रिक हाताला) त्यातले ७ जातात, केरेंझिकोव्ह या वेग वाढवणाऱ्या इम्प्लांटला १४. ह्युमॅनिटीतला दशकाचा आकडा उतरला की एम्पथीही उतरते, आणि ह्युमॅनिटी शून्याखाली गेली की पात्र जीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) ताब्यात. चोख हिशेब ठेव, हात आपोआप आखडेल.

मशीनशॉप_उद्यमबाग: हा नियमच मला पटत नाही. आमच्या काकांना जयपूर फूट आहे. परवाच बांधापर्यंत चालत गेले आणि शेजाऱ्याशी तासभर कडाकडा भांडून आले. माणुसकी कुठं कमी झाली?

निपाणीकर: वाढली म्हणायची! अहो, गेलेला अवयव नुसता भरून काढणाऱ्या मेडिकल इम्प्लांटला रेडमध्ये ह्युमॅनिटी जातच नाही. वाचून भांडा.

मशीनशॉप_उद्यमबाग: वाचलंय. तरी माझा उपाय ऐका. लेथवर कूलंट बंद पडलं की आधी चिप निळी पडते, मग टूलची धार जाते. तसंच करा. इम्प्लांट वापरला की उष्णतेचा एक गुण, फेरीभर गप्प बसला की एक कमी. पाच झाले की तो भाग त्या मारामारीपुरता बंद. टेबलावर चिंचोके ठेवा, सगळ्यांना दिसतात.

कुंदा_स्पेशल: आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय. इम्प्लांट बाहेरचा घ्यावा का इथला?

निपाणीकर: ताई, हा धागा खेळाचा आहे. तरी सांगतो, २०१७ पासून गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर केंद्राची कमाल मर्यादा आहे. बिलात इम्प्लांटची किंमत वेगळी लिहून मागा. कुठला घ्यायचा ते डॉक्टरांनाच विचारा.

रेडिओ_चोर्ला: माझं राहिलं बाजूला.

काय_गा_अनगोळ: काय गा, पण तीनदा कसा खेळूलालाय त्यो? रेडमध्ये सँडेविस्टान हे वेगाचं इम्प्लांट चालू केलं तरी मिनिटभर इनिशिएटिव्हला (पाळीचा क्रम ठरवणाऱ्या आकड्याला) +३, मग तासभर बंद. नंबर लवकर लागतोय, पाळी एकच. तुझा नियम कुठला?

रेडिओ_चोर्ला: वायर्ड रिफ्लेक्सेस हे इम्प्लांट. शॅडोरन या दुसऱ्या गेममधनं घेतलंय.

निपाणीकर: हे पहिल्या पोस्टमध्ये नको सांगायला? तिथं एसेन्स (ह्युमॅनिटीसारखाच साठा) मुळात ६ असतो, आणि वायर्ड रिफ्लेक्सेस पातळीप्रमाणे त्यातला २, ३ किंवा ५ खातं. तो धरलास का?

रेडिओ_चोर्ला: नाही. दोन-दोन हिशेब कोण ठेवणार?

काय_गा_अनगोळ: मग फुकटच दिलास की त्याला! असं कर. दुसरी पाळी पायजे तर तिथंच १ डी ६ (एक सहा बाजूंचा फासा) टाकायचा, येईल तेवढी ह्युमॅनिटी वजा. तिसरी पाळी न्हाईच.

मशीनशॉप_उद्यमबाग: पुन्हा ह्युमॅनिटी. चिंचोके बरे.

चंदगडी_जीएम: आमच्या डावात बेळगावात इम्प्लांटवर जबर कर लावला होता, हद्दीपलीकडे शिनोळीत माफ. सगळी पात्रं शिनोळीत जाऊन बसली. कथाच तिकडं न्यावी लागली, पण धमाल आली. करून बघा.

रेडिओ_चोर्ला: माझ्या कथेत शिनोळी नाही. अनगोळवाल्याचा नियम घेतो, चिंचोके पुढच्या वेळी. पण तिसऱ्या पाळीचे त्यानं गेममधले पैसे भरलेत, त्याचं काय?

निपाणीकर: परत दे.

रेडिओ_चोर्ला: दिले की लगेच दुसरा हात बसवून घेईल.

निपाणीकर: बसवू दे. आणखी ७ जातील.

कुंदा_स्पेशल: धन्यवाद दादा, बिलाचं विचारते.