प्रतिसाद: सिंथकडे परत, पण तसंच नाही

वर कोणीतरी म्हटलंय की पॉप रॉक बँड जुन्या आवाजाकडे वळला म्हणजे त्यांचं नवं संपलं. मला नाही पटत.

नॉर्वेच्या आ-हा या बँडचंच घ्या. १९८५ मध्ये ज्या सिंथच्या (सिंथेसायझर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डच्या) धूनवर ते जगभर गाजले, तो सिंथ १९९३ च्या 'मेमोरियल बीच' अल्बमपर्यंत पार मागे पडला, गिटार पुढे आली. (भुसावळला चुलतभावाकडे त्यांची पहिली कॅसेट होती. टेप अडकली की पेन्सिल घालून फिरवायची, त्यामुळे माझ्या डोक्यात अर्धी गाणी अजून थोडी हेलकावतच वाजतात.) मग २००९ चा 'फुट ऑफ द माउंटन' अल्बम आला आणि सिंथ पुन्हा मधोमध. पण तेव्हा त्यांचा गायक मॉर्टेन हार्केट पन्नाशीला टेकलेला. तोच आवाज, पण त्यात आता थोडी राख. विशीतला पोरगा तसं गाऊच शकला नसता.

आपल्याकडे वरातीत बघा की. हातगाडीवर कीबोर्ड बांधलेला, ऑक्टोपॅड धडधडतोय, नवं रिमिक्स सुरू. मग वराचा मामा घाम पुसत ओरडतो, "जुनं वाजाड ना भो!" कीबोर्डवाला लगेच जुनी चाल धरतो, ऑक्टोपॅडवाला मात्र आपला ठेका सोडत नाही. मामाही नाचतो, पोरंही नाचतात. याला मागे जाणं कसं म्हणायचं?

'फुट ऑफ द माउंटन'चं पहिलंच गाणं, 'द बँडस्टँड', हेडफोन लावून ऐका. मग भांडू.