तुमच्या टेबलावर कुठली साथ आली होती? (अनुभव धागा)

फोंड्याचा_फासा
चवथीची साफसफाई चाललीय. माळ्यावरून कॉलेजातल्या डी अँड डीच्या (फाशांवर खेळायचा कथाखेळ, प्रत्येकाचं एक पात्र) मोहिमेची वही निघाली, कोपरे उंदरांनी खाल्लेले. पहिल्याच पानावर जुन्या गोव्याचा नकाशा आणि विहिरींवर लाल फुल्या. डीएम, म्हणजे गोष्ट रचून चालवणारा, मी होतो. बेत दरबारी कारस्थानांचा होता, पण भेटल्यावर सगळे बोलतात ते पटकीबद्दलच.

रोगाचं नाव मी कधी सांगितलंच नाही. 'कॉन सेव्ह (तब्येतीचा फासा) टाका, नापास झालात तर आजारी' यात भीती कसली? कोण कुठल्या विहिरीचं पाणी प्यायलं ते लिहून ठेवायचो आणि फासा पडद्यामागे मीच टाकायचो. पटकी काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत कधीही उठते. त्यामुळे पाणी प्याले एकीकडे, आडवे झाले भलतीकडेच. मंडळींनी आधी हवेला दोष दिला, मग वैद्याला, मग एकमेकांना. सांडपाणी झिरपून विहिरी नासणं हे त्या शहराचं खरंखुरं दुखणं. १७५९ मध्ये व्हाइसरॉयनेच बिऱ्हाड पणजीला हलवलं. (एक शहाणा हे आधीच वाचून आला होता. पहिल्याच बैठकीत म्हणतो, आम्ही पणजीला चाललो!)

आता तुमचे येऊ द्या.

बोंडूवाला
गोव्याच्या सत्तरी तालुक्यात घडणारी मोहीम, माकडताप. पहिली खूण म्हणजे रानात मेलेलं माकड. पोरांनी काय करावं? त्याचे खिसे तपासले! मग काजूच्या बागेत पाचोळ्यात बसून बोंडं वेचली. गोचीड चावली हे मी सांगितलं नाही, तिची पिल्लं इतकी बारीक की खऱ्यातसुद्धा कळत नाही. तीन ते आठ दिवसांनी ताप. पण खरी गंमत पुढे आहे. ताप उतरतो, माणूस हिंडू-फिरू लागतो, आणि काहींना आठवड्या-दोन आठवड्यांनी तो परत येतो, डोकेदुखी, कंप, भ्रम घेऊन. आमचा तिरंदाज 'बरा झालो' म्हणत डोंगर चढला आणि ऐन वेळी नेम धरताना हात थरथरायला लागले. २०१५ पासून आमच्याकडे काजूच्या दिवसांत गोचीड चावू नये म्हणून अंगाला तेल लावून रानात जातात, त्यामुळे टेबलावर कोणाला फार समजवावं लागलं नाही.

पॅलाडिन_पेडणे
हे सगळं ठीक. पार्टीत पॅलाडिन (हात लावून रोग बरा करणारा योद्धा) असला की काय करता? हात लावला, बरा. आमच्या डीएमने कपाळ बडवून घेतलं.

फोंड्याचा_फासा
@पॅलाडिन_पेडणे हिशेब कर की. २०१४ च्या नियमांत हात लावायचा साठा लेव्हल गुणिले पाच, एका आजाराला पाच खर्च. चौथ्या लेव्हलचा पॅलाडिन दिवसाला चार माणसं बरी करणार. वाड्यावर दीडशे आजारी, आणि बरे झालेले उद्या पुन्हा त्याच विहिरीवर. हात कोणाला लावायचा, खेळ तिथे सुरू होतो.

पॅलाडिन_पेडणे
आमच्यात भाटकाराला (जमीनदाराला) पहिला लावला असता, हाहाहा

रात्रपाळी
ड्युटीवर निघतेय, घाईत लिहिते. मी खेळत नाही, मुलगा खेळतो, त्यानेच धागा दाखवला. तुमच्या गोष्टींत रोग्याच्या उशाशी बसणारं कोणीच कसं नाही? पटकीत माणूस जातो तो अंगातलं पाणी गेल्यामुळे. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, आणि रात्रभर पाजत बसणारा माणूस. १९७१ मध्ये बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी हे क्षारपाणी रोग्यांच्या घरच्यांच्या हाती दिलं, आणि मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांवरून चारच्या आत आलं. मुलाला म्हटलं, मंत्र राहू दे, पाजणाऱ्याचा फासा ठेव, जागेल त्याला थकवा. पोरं पहाटेपर्यंत पाळ्यांवरून भांडत होती. माझ्या वॉर्डातसुद्धा तेच चालतं.

तांडेल
लिस्बन ते गोवा, जहाज, सहा महिने. सुरुवातीला हौस म्हणून प्रत्येकाच्या पात्राच्या शीटवर जुन्या जखमांचे व्रण लिहून घेतले होते. चौथ्या महिन्यात ते व्रण उघडायला लागले. हिरड्या सुजल्या, दात हलले. स्कर्व्हीत (ताजी फळं-भाज्या न मिळाल्याने होणारा रोग) जुनी भरलेली जखमसुद्धा उकलते, पण हे टेबलावर एकालाही माहीत नव्हतं. शाप म्हणाले आणि बिचाऱ्या जादूगाराला तळघरात कोंडलं. लिंबं एका खलाशाच्या पेटीत पहिल्या दिवसापासून पडून होती! ब्रिटिश नौदलाचा डॉक्टर जेम्स लिंड याने लिंबू-संत्र्यांचा प्रयोग केला तो १७४७ साली, आमचं जहाज त्याच्या कितीतरी आधीचं, तेव्हा 'माझ्या पात्राला माहीत आहे' चालणार नाही, हे आधीच ठरलेलं.

काकूंची_बरणी
लोणच्यातलं लिंबू चालेल का? आमच्या बरणीला यंदा बुरशी आली, पाऊस मेला थांबतच नाही.

तांडेल
@काकूंची_बरणी मुरेपर्यंत त्यातला गुण बराचसा जातो. पण तुमची बरणी जहाजावर आली तर एक बोनस नक्की.

कुत्रेवाला_म्हापसा
आमच्या डीएमने पहिल्या बैठकीत कुत्रा चाववला, एका ओळीत. सगळे विसरले. खेळातले दोन महिने गेल्यावर माझ्या पात्राला पाण्याचा पेला बघून घसा आवळायला लागला. रेबीजची लक्षणं दिसली की उपाय नाही, हे वास्तव मान्य. पण गावातलं शेंबडं पोरसुद्धा चावल्यावर साबणाने पंधरा मिनिटं धुतं आणि लस घ्यायला जातं. माझ्या पात्राला तेवढी अक्कल नसेल? फसवणूक आहे ही. अजून राग आहे.

बोंडूवाला
@कुत्रेवाला_म्हापसा 'जखमेचं काय करतोस?' एवढं त्याने विचारायलाच हवं होतं.

मळ्यातला
मी आजार असलेल्या मोहिमेत बसत नाही. २०२१ च्या मे महिन्यात घरातलं माणूस गेलं. नंतर एका खेळात डीएम श्वास लागल्याचं वर्णन करत होता, छान करत होता, मी उठून बाल्कनीत गेलो.

फोंड्याचा_फासा
@मळ्यातला सॉरी रे. आम्ही आता आधीच चिठ्ठ्या घेतो, काय नको ते लिहायचं, कारण विचारत नाही.

मळ्यातला
ते बरं. ड्रॅगनने खाल्लं तर माझी काही हरकत नाही.

पॅलाडिन_पेडणे
पणजीत डी-ट्वेंटी (वीस बाजूंचे फासे) कुठे मिळतात कोणाला माहीत आहे? माझा भाचीने गटारात टाकला.

बोंडूवाला
ऑनलाइन मागव. रविवारी डिचोलीला बसतोय, माझा जादा सेट घे तोपर्यंत. @मळ्यातला तू पण ये, ड्रॅगन आहे.

मळ्यातला
शेवटची बस किती वाजता?

बोंडूवाला
बसचं सोड, मी सोडीन. कॉइल तेवढी आण, आमच्या सोप्यावर डास फार.