मदत हवी आहे: लेक सहा महिन्यांसाठी जर्मनीला निघाली आहे

नमस्कार मंडळी. आम्ही कोथरूडचे. माझी मुलगी ऑक्टोबरमध्ये एका सेमिस्टरसाठी लाइपझिगला जातेय. व्हिसा, विमा सगळं मार्गी लागलंय, अडलंय ते सामानापाशी. तिला तिथल्या मैत्रिणींना दिवाळीचा फराळ खाऊ घालायचाय. पण युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे साजूक तूप बाद. आजीने लाडवांसाठी हौसेने भाजलेला रवा तसाच डब्यात पडून आहे. तेलातल्या चकल्या, बाकरवडी, भाजणीचं पीठ कुणी नेलंय का? मोडू नये म्हणून चकल्या कशा बांधल्यात?

दुसरं फिरण्याचं. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसावर बाकीच्या शेंगेन देशांत, म्हणजे सामायिक व्हिसा असलेल्या युरोपातल्या देशांत, १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. तिला प्राग बघायचंय. मला मात्र वाटतं, आधी आसपासची गावं आणि नाताळचे बाजार मनसोक्त बघावेत. रविवारी तिथली दुकानं बंद असतात. तो दिवस तुमची मुलं कशी घालवायची? एकटं वाटायचं का त्यांना? ज्यांची मुलं राहून आली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा, आम्ही दोघी शेजारी बसून वाचणार आहोत.