ओटीपी जपला तरी...

फसवणूक टाळायला ओटीपी कोणाला सांगू नका, असं सगळे सांगतात ते खरंच आहे. पण आमच्याकडे, यवतमाळच्या खेड्यांत, बहुतेकांचा कॉम्प्युटर म्हणजे सेतू केंद्राचा. पीक विम्याच्या दिवसांत तिथल्या स्क्रीनकडे नजर टाका: अख्ख्या गावाचे आधार, सातबारा, पासबुकाचे फोटो उघड्यावर पडलेले. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणाल, तर तो म्हणजे इंग्रजीतल्या नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. गावात ते कोणाला माहीत नाही?

आणि अंगठ्यावर पैसे काढायला ओटीपी लागतच नाही. आधार क्रमांक, बँकेचं नाव अन् ठसा, झालं. म्हणून आधारच्या सरकारी ॲपमध्ये बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्यासारख्या खुणांवरची ओळख, लॉक करून ठेवा. त्यासाठी मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा. एक भानगड मात्र आहे. लॉक असताना रेशन दुकानातल्या मशीनवरही अंगठा चालत नाही, तेव्हा नंबर यायच्या आधीच ते उघडा, नाहीतर रांगेतले मागचे लोक बोंबलतात. अन् केंद्रातून निघताना आपली फाइल डिलीट करून रिसायकल बिनही रिकामं करायला लावा. पोऱ्या कुरकुरतो, कुरकुरू द्या.